गोदामातल्या खडूबाई

निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात हसू आणि रडू दोन्ही एकाच जिन्यावर होतं. वरच्या मजल्यावर काका राहायचे, खाली आम्ही. काकांचा मुलगा माझ्याच वयाचा. लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा हात मागे बांधून फिरायचा, म्हणून सगळे त्याला तात्या म्हणायचे. तात्याला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मला नाही. थोडक्यात हुकला, पण हुकला तो हुकलाच.

मोठं कॉलेज म्हणजे घड्याळाचा मनोरा, दगडी कमान आणि आत इतकी शांतता की पाहुणाही आपोआप हळू बोलायला लागायचा. "मुलगा काय करतो?" याचं उत्तर म्हणून ते नाव घेतलं की समोरचा पुढे काही विचारत नसे. मला जे मिळालं ते कॉलेज एका जुन्या गोदामात भरायचं. पूर्वी तिथे लोकरीचे गठ्ठे ठेवत. बाहेर कितीही मोठी पाटी लावली तरी लोक त्याला गोदामच म्हणायचे. 'मुलगी गोदामात आहे' हे ऐकायला कसं वाटतं, ते माझ्या आईला विचारा. कोणी चौकशी केली की ती "इंजिनियरिंगला आहे" एवढंच म्हणायची आणि घाईघाईने हवापाण्यावर यायची.

काकू खाली आली, मला जवळ घेऊन म्हणाली, "अगं, कॉलेजात काय असतं? शेवटी अभ्यास आपणच करायचा असतो."

मनापासून म्हणाली होती बिचारी. पण हे वाक्य मोठ्या कॉलेजात गेलेल्याला कोणी ऐकवत नाही, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

पहिले काही दिवस मी गोदामात गेले आणि परत आले, एवढंच. जमिनीची मोजणी शिकवणारे सर आठवड्यातून एकदा उगवायचे आणि हजेरी घेऊन मावळायचे. चित्रकामाच्या खोलीत दोघांत एक टेबल होतं. माझी खात्री पटत चालली होती की आपलं नशीबच फुटकं. मग एका सकाळी पदार्थांच्या ताकदीचा, म्हणजे कुठली वस्तू किती जोर सोसते याचा, तास लागला आणि एक बाई आत आल्या.

ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, पायांत पुरुषी वाटाव्यात अशा मजबूत चपला. आल्या त्या फळ्याकडे गेल्याच नाहीत. खिशातून खडू काढला, दोन्ही टोकांना धरून ओढला. बोटं घसरली. पुन्हा धरला, दात आवळून ओढला. टक् करून तुटला. दुसरा काढला, वाकवून मोडला. तिसरा काढला आणि ओला टॉवेल पिळावा तसा पिळला. तोही तुटला. मग तिन्हींचे तुकडे पहिल्या बाकावर ठेवले.

"बघा आणि मागे द्या. काय दिसतं?"

तुकडे फिरले. पहिले दोन सरळ, सुरीने कापल्यासारखे तुटले होते. पिळलेला मात्र तिरका तुटला होता, स्क्रूच्या आट्यासारखा.

"असा का तुटला?"

शेवटी एकजण म्हणाला, "जोर लावला म्हणून."

"बरोबर. जोर तिन्हींनाही लावला. हाच असा का?"

आता आम्हाला वाटलं, बाई उत्तर सांगतील. शाळेपासूनची सवय तीच. प्रश्न शिक्षकाने विचारायचा आणि उत्तरही त्यानेच द्यायचं, आपण फक्त लिहून घ्यायचं. बाई खुर्चीवर बसल्या. पंखा फिरत होता. कोणी खोकलं. बाईंना जराही घाई नव्हती. मला ती शांतता सहन होईना, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "बाई, खडूला ओढलेलं सोसत नसेल."

"पण मी तर पिळला. ओढला कुठे?"

"मग पिळताना कुठेतरी तिरका ओढला जात असेल."

बाईंनी चष्मा वर केला. "नाव काय म्हणालीस?" मी नाव सांगितलंच नव्हतं, ते तेव्हा सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून रबराची नळी काढली, पेनाने तिच्यावर छोटा चौकोन काढला आणि नळी पिळली. चौकोनाचा पत्त्यांतल्या चौकटीसारखा आकार झाला, एका बाजूने ताणलेला, दुसऱ्या बाजूने दबलेला. खडू त्याच ताणलेल्या दिशेत फाटला होता. माझ्या आत कोणी दिवा लावल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पाठ न होता समजली होती.

त्या दिवसापासून त्या आमच्या खडूबाई झाल्या. त्यांना हे नाव ठाऊक होतं. फळ्यावर कोणीतरी ते लिहून ठेवलं तेव्हा त्यांनी फक्त ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलं.

बाईंची गोष्ट मला पुढे हळूहळू कळली. त्या स्वतः मोठ्या कॉलेजच्याच. तिथे पीएचडीला लागल्या होत्या, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या, यजमानांची नोकरी फिरतीची, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. अभ्यास अर्ध्यावर टाकला तो अर्ध्यावरच राहिला. गोदाम घराजवळ होतं, म्हणून वर्षभरासाठी आल्या होत्या. ते वर्ष संपता संपलं नाही. याबद्दल त्यांना कोणी हळहळून काही म्हटलं की त्या म्हणायच्या, "सासूबाई फार गप्पिष्ट होत्या हो. त्यांच्या उशाशी बसून मी सगळे तास तयार केले. त्यांना समजलं की समजायचं, वर्गालाही समजेल."

तात्याची गंमत वेगळीच चालली होती. त्याच्याकडे सुंदर छापील टिपणं होती. त्याला हाच विषय शिकवणारे प्राध्यापक म्हणजे ज्यांचं पुस्तक सगळीकडे लागलेलं तेच, मुलं त्यांना ग्रंथकार म्हणायची. प्रचंड मोठा वर्ग, पायऱ्यापायऱ्यांची बाकं, खाली ध्वनिक्षेपकाजवळ ग्रंथकार. परिषदांना जात नसतील तेव्हा येत, आणि स्वतःचंच पुस्तक वाचत. तात्या म्हणायचा, "वाचतात छान हं. पण वाचता मलाही येतं."

एका संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन आला. वाकलेल्या तुळईचा धडा त्याच्या डोक्यात शिरत नव्हता. मी खोडरबर घेतलं, बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारल्या आणि ते वाकवलं. वरच्या बाजूला रेघा जवळ आल्या, खाली फाकल्या. "वर दाब, खाली ताण. आणि मधे ही जागा बघ, इथे काहीच नाही."

तो कितीतरी वेळ ते खोडरबर वाकवत बसला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं नाही. विचारलं."

"मला तुझ्या गोदामात यायचंय."

आई पोळपाट पुसत होती. ती थांबली. वर्षभरात पहिल्यांदा तिने त्या कॉलेजचा उल्लेख ऐकूनही विषय बदलला नाही.

तात्या येऊन शेवटच्या बाकावर बसला. पहिल्या दिवशी खपून गेलं. दुसऱ्या दिवशी बाई बोलता बोलता थांबल्या.

"तू आमच्यातला नाहीस."

"नाही, बाई."

"मग कुठला?"

तात्याने कॉलेजचं नाव घेतलं. वर्गात खसखस पिकली.

"वाट चुकलास का?"

"नाही, बाई. मुद्दाम आलो."

आता बाई काय करतात, म्हणून आम्ही श्वास धरून बसलो. त्या म्हणाल्या, "मग मागे कशाला बसलास? तिथे पंख्याची खडखड फार. पुढे ये."

तात्या पुढे आला. पुढच्या आठवड्यात त्याचे दोन मित्र आले, मग आणखी. आम्ही सरकून सरकून बसायला लागलो. आमच्यातल्या एकीने तर टोमणा मारला, "आम्हाला तुमच्यात घेतलं नाही, आणि आता आमच्या बाकावर बसता होय?" त्या मुलांपैकी एकाने तिला खुर्ची आणून दिली, तेव्हा मिटलं.

गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली. ते उत्साही गृहस्थ. त्यांनी बाईंना वर्गाबाहेरच गाठलं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, हे वर्तमानपत्रात द्यायला हवं! मोठ्या कॉलेजची मुलं आपल्याकडे शिकायला येतात! प्रवेशांची रांग लागेल."

"देऊ या की," बाई शांतपणे म्हणाल्या. "सोबत हेही छापू, की आपले मोजणीचे सर येत नाहीत आणि प्रयोगशाळेतलं यंत्र चादर पांघरून झोपलंय."

प्राचार्य हसले, पण कसनुसं. जाहिरात आली नाही. मोजणीचे सर मात्र त्यानंतर आठवड्यातून तीनदा यायला लागले. प्राचार्यांना बोलणं लागलं असावं, आणि चांगल्या जागी लागलं असावं.

ते यंत्र खरंच वर्षानुवर्षं बंद होतं. पोलादाची सळी ओढून तोडायचं यंत्र. बाई आम्हाला हातवारे करून सांगायच्या की सळी आधी कशी लांबते, मग तिची कंबर कशी बारीक होते. एकदा बोलून गेल्या, "मीसुद्धा एकदाच पाहिलंय, शिकताना. मागे उभी होते, धड दिसलं नाही."

तात्याने हे मनावर घेतलं. मोठ्या कॉलेजात तसली यंत्रं रांगेने होती, आणि तिथल्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका त्याला ओळखायचे. एका शनिवारी आम्ही सगळे, बाईंसकट, त्या दगडी कमानीतून आत गेलो. बाई इतक्या वर्षांनी तिथे पाऊल टाकत होत्या. पण इकडेतिकडे बघणं नाही, उसासा नाही. सरळ यंत्राशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि या वेळी अगदी पुढे.

मदतनीस काकांनी सळी अडकवली. काटा चढत गेला. बराच वेळ काहीच होईना. मग सळी मधोमध बारीक व्हायला लागली, डोळ्यांदेखत, मऊ झाल्यासारखी, आणि धाडकन आवाज झाला. आम्ही सगळे दचकून मागे सरलो. बाई नाही. त्यांनी तुटलेलं टोक हातात घेतलं आणि लगेच सोडलं, कारण ते गरम होतं. "अरे, तापतं की हे!" असं म्हणून त्या अशा हसल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जे शिकवलं ते त्यांना त्या दिवशी स्पष्ट दिसलं होतं.

"पुन्हा दाखवता का?" त्यांनी विचारलं. मदतनीस काकांनी दुसरी सळी लावली.

तेवढ्यात दारात ग्रंथकार उभे. आवाज ऐकून आले असावेत. आमची पाचावर धारण बसली.

"या कोण?" त्यांनी तात्याला विचारलं.

तात्या हात मागे बांधून उभा. "सर, या गोदामा... या दुसऱ्या कॉलेजच्या बाई. आम्ही काहीजण त्यांच्या तासाला जातो."

"माझ्या विषयाच्या?"

"हो, सर."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण ग्रंथकार दोन पावलं पुढे आले. मग बाईंना म्हणाले, "पिळलेल्या दांड्याचा धडा कसा शिकवता तुम्ही? तिथे माझी मुलं दरवर्षी गटांगळ्या खातात."

बाईंनी खिशात हात घातला. खडू निघालाच. ग्रंथकारांनी तो स्वतः पिळून तोडला, तुकडा चष्म्याजवळ नेऊन पाहिला, आणि त्यांचा चेहरा क्षणभर आमच्या वयाचा झाला. "मी हे लिहिलंय पुस्तकात," ते म्हणाले. "केलं कधी नव्हतं." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला मुलांचे चेहरे दिसतात. मला त्या वर्गात फक्त डोकी दिसतात हो."

त्यांच्यामुळे दोन गोष्टी झाल्या. शनिवारी त्यांची प्रयोगशाळा आम्हा गोदामवाल्यांना उघडी झाली, आणि तिथलं ग्रंथालयसुद्धा, जे पाहून मी दोन दिवस नीट जेवले नाही. मोठ्या कॉलेजची कीर्ती काही हवेतून आलेली नव्हती. तिथे पुस्तकं होती, यंत्रं होती, आणि एकमेकांशी भांडून भांडून शिकणारी हुशार मुलं होती. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथकारांनी बाईंना त्यांच्या मोठ्या वर्गावर तास घ्यायला बोलावलं.

पहिला तास साफ फसला. मी तात्याबरोबर चोरून गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी खडू मोडला, तो तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला दिसला नाही. प्रश्न विचारून त्या वाट बघत बसल्या, तर मागची मुलं आपापसांत गप्पा मारायला लागली. बाहेर येताना त्या मला म्हणाल्या, "आज मी वाईट शिकवलं."

"बाई, तो वर्गच फार मोठा आहे."

"वर्ग त्यांचाही तेवढाच मोठा आहे ना? आता कळलं मला, ते पुस्तक का वाचतात." हे त्यांनी चेष्टेने म्हटलं नाही.

पुढच्या वेळी त्या खडूची खोकी घेऊन आल्या. आम्हा दोघांना दारात उभं केलं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक खडू द्यायला लावला. ग्रंथकारही आले होते, त्यांनीही घेतला. सगळे बसल्यावर बाई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "पिळा."

एवढ्या मोठ्या वर्गात एकदम खडू तुटल्याचा आवाज कसा असतो, हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगता येणार नाही. आधी इकडून टक्, तिकडून टक्, मग सगळीकडून एकदम. आणि मग शेजाऱ्याचा तुकडा बघायला वळलेली सगळी डोकी, "अरे, तुझाही तिरका!" "माझाही!" बाईंनी विचारलं, "का?" आणि या वेळी मागच्या रांगेतून हात वर आले.

तास संपल्यावर झाडणाऱ्या मावशी आत डोकावल्या आणि पांढरी फरशी बघून कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांच्या हातातला झाडू मागितला. मग काय, बाई झाडतायत म्हटल्यावर कोण बसून राहील? मोठ्या कॉलेजच्या मोठमोठ्या घरची पोरं बाकांखाली वाकून तुकडे गोळा करत होती, आणि तरी 'का' वरून वाद चालूच होते.

त्यानंतर बाई निवृत्त होईपर्यंत आठवड्यातून एक तास तिथे घेत राहिल्या. कायमची नोकरी तिथे त्यांना मिळाली नाही. पीएचडी नव्हती, नियम आडवा आला. ग्रंथकारांनी खटपट केली, पण जमलं नाही. बाईंना वाईट वाटलं का? वाटलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "गोदामात मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. तिथे होणार नाहीत."

शिक्षण संपलं आणि कॉलेजच्या नावाची किंमत मला रोकडी कळली. जिथे मला काम करायचं होतं, जुन्या पुलांची तपासणी करणाऱ्या कंपनीत, तिथून तात्याला बोलावणं आलं, मला नाही. दोघांचे गुण जवळपास सारखे. वरून कॉलेजचं नाव वाचून माझा अर्ज बाजूला पडला असणार. मी रडले, भांडले, तात्याशी चार दिवस बोलले नाही. त्याचा काय दोष? पण राग कुठेतरी काढायचा असतो.

बाईंकडे गेले. वाटलं, त्या म्हणतील, नाव महत्त्वाचं नसतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "दार नावाने उघडतं गं. ते खोटं नाही. तुझ्याकडे ते नाव नाही, तर दुसऱ्या कोणीतरी आतून कडी काढायला हवी. तात्याला सांगितलंस?"

"मी नाही सांगणार."

"का? तो माझ्या तासाला आला तेव्हा त्याला लाज वाटली नाही. तुला मागायला वाटते?"

मी सांगितलं. सांगायची गरजच नव्हती. तात्याने आधीच साहेबांच्या कानावर घातलं होतं, की हा विषय त्याला ज्या मुलीने समजावला ती मोकळी बसलीय. उन्हाळा सरताना मला बोलावलं. मुलाखतीत एका पुलाचा फोटो समोर ठेवून तीन साहेब प्रश्न विचारत होते. मी उत्तर देण्याआधी गप्प बसून विचार केला. नंतर कळलं, त्यांना तेच आवडलं होतं. बाकीचे उमेदवार धाडधाड बोलत होते म्हणे.

त्या कामाने मला स्वतःच्या पायावर उभं केलं, आत्मविश्वास दिला, आणि पुलाखाली उभं राहून वर बघण्याचं सुख दिलं, जे सगळ्यांना कळत नाही. आईचं सांगायचं तर, ती आता कोणी न विचारताच सांगते. आणि कॉलेजचं नाव घेते, तेही मोठ्याने. काकू वरून ओरडते, "पुरे गं, कळलं सगळ्यांना!"

बाई निवृत्त झाल्या तेव्हा गोदामात छोटासा समारंभ झाला. ग्रंथकार आले होते, काठी टेकत. त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली होती, आणि पिळलेल्या दांड्याच्या धड्यात पहिल्याच ओळीत वाचकाला हातात खडू घ्यायला सांगितलं होतं. खाली बाईंचं नाव आणि आभार. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे." मला बोलायला सांगितलं तेव्हा मी तात्याला पुढे ढकललं. तात्या बोलला माझ्या वाटचं. म्हणाला, आम्हाला दोन कॉलेजं मिळाली, आणि ज्यांच्यामुळे मिळाली त्या इथे बसल्यात.

परवा तात्याच्या मुलीच्या प्रवेशाची वेळ आली. घरात पुन्हा तीच चर्चा, कोणतं कॉलेज कितव्या क्रमांकावर, कुठे कोण जातंय. पोरगी हैराण. माझ्याकडे आली, "आत्या, तूच सांग, चांगलं कोणतं?"

मी तिला घेऊन बाईंकडे गेले. बाई आता फारशा हिंडत नाहीत, पण कान तल्लख आहेत. त्या म्हणाल्या, "मला आता कुठलंच कॉलेज माहीत नाही. तू जा आणि उपाहारगृहात तासभर बस. मुलं तासाबद्दल बोलतात का, कशाने चिडतात, ते ऐक. जमलं तर मागच्या बाकावर जाऊन बस. हाकललं तर बाहेर ये, त्यात काय?"

पोरगी खरंच हिंडली. मोठं कॉलेज तिला आवडलं, पण ज्या विषयात तिला रस होता तो तिथे धड नव्हता. गोदाम तर आता तिथे नाहीच, नव्या इमारतीत गेलंय आणि नावही बदललंय. शेवटी तिने तिसरंच एक निवडलं. कोणी फार नाव काढत नाही त्याचं, आणि कोणी नावंही ठेवत नाही. तात्याने हात मागे बांधून दोन दिवस गच्चीवर फेऱ्या घातल्या तेवढ्या.

काल तिचा पहिला दिवस होता. संध्याकाळी वर न जाता सरळ माझ्याकडे आली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"आत्या, मला आज काहीच समजलं नाही."

"मग?"

"मी तसं सरांना सांगितलं. ते म्हणाले, नक्की कुठपर्यंत समजलं ते ठरवून उद्या ये, तिथून सुरू करू." ती खुर्चीत बसली, पुन्हा उठली. "आता मला ते ठरवायचंय. तुझ्याकडे कोरे कागद आहेत?"

दिले. मग ही बातमी सांगायला बाईंना फोन लावला.